नववीच्या वर्गात बहुप्रकारी संशोधन प्रकल्प : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मी सोलापुरात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. गेल्या जूनपासून फेब्रुवारीपर्यंत नववीच्या एका तुकडीत ४८ मुलांकडून प्रकल्प या पद्धतीने करून घेतले. मुलाने एक विषय निवडायचा, माणसांना भेटायचं, वाचायचं आणि जे हाती लागेल ते एका लांब निबंधात न कोंबता पाच-सहा प्रकारांत लिहायचं: पत्र, बातमी, मुलाखत, जाहिरात, रोजनिशी, कविता, हिशेबाचं पान. सुरुवातीला वाचकाला उद्देशून एक मनोगत आणि शेवटी प्रत्येक तुकड्यासाठी एक टीप. त्या टिपेविषयी मला बरंच सांगायचं आहे.

पहिल्या सत्रात मी टीप ऐच्छिक ठेवली आणि तिथेच चुकले. एका मुलाने १९३० साली इंग्रज सरकारने सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉवर, म्हणजे लष्करी कायद्यावर प्रकल्प केला. त्यात तेव्हाच्या चार हुतात्म्यांपैकी एक, मल्लप्पा धनशेट्टी, यांनी फाशीच्या आदल्या रात्री येरवड्याहून आईला लिहिलेलं पत्र होतं. त्याने ते वाचलं तेव्हा वर्ग गलबलला. हे पत्र कुठे मिळालं, असं मी विचारलं. तो म्हणाला, ‘‘बाई, मनानंच लिहिलो की.’’ त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं, कारण ‘पत्र लिहा’ असं मीच सांगितलं होतं. पण ज्या गावात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज शाळेत येतो, तिथे त्यांच्या तोंडी आपले शब्द घालायचे आणि वाचणाऱ्याला ते खरे वाटू द्यायचे, हे मला सहन झालं नाही.

मग नियम केला. खऱ्या माणसाच्या नावाने फक्त नोंदलेलं तेच लिहायचं. कल्पना करायची तर त्या काळातला निनावी माणूस घ्यायचा. आणि काय सापडलं, कुठे सापडलं, काय रचलं, हे टिपेत सांगायचं. त्या मुलाने मग जुन्या गिरणीतल्या एका बदली कामगाराचं गावाकडच्या भावाला पत्र लिहिलं. ते पहिल्याइतकं रडवणारं नव्हतं. पण भोंगा किती वाजता व्हायचा, हे विचारायला तो गल्लीतल्या निवृत्त गिरणी कामगाराकडे दोनदा गेला. १२ जानेवारी १९३१ ही फाशीची तारीखही त्याने बातमीच्या तुकड्यात स्वतंत्रपणे ताडून घेतली.

प्रकार नेमका बसला की काय होतं, ते एका मुलीने दाखवलं. तिची अम्मम्मा, म्हणजे आईची आई, विड्या वळते. मुलाखत तेलुगूत झाली, ती एका बाजूला तेलुगूत आणि समोर मराठीत. पण खरी ताकद पुढच्या पानात होती. ते पाककृतीसारखं लिहिलेलं. साहित्य: तेंदूची पानं, तंबाखू, दोरा, कात्री, सूप. कृती: पानं भिजवा, कापा, तंबाखू भरा, वळा, तोंड दुमडा, दोरा बांधा. शेवटची ओळ: ‘हे हजार वेळा करा.’ मजुरी हजार विड्यांवर मिळते, हे मी कितीदा ऐकलं होतं. त्या ओळीने ते मला कळलं.

चीनमध्ये जाऊन युद्धातल्या जखमींवर उपचार करणाऱ्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांवर तिघांनी प्रकल्प केले. दोन ठीक होते. तिसऱ्याने १९३८ साली चीनला निघालेल्या पाच डॉक्टरांच्या पथकाच्या सामानाची यादी केली होती आणि ‘यादी मी रचली, पाच हा आकडा खरा’ अशी टीप दिली होती. मला ते फार आवडलं.

अडचणी आहेतच. एका प्रकल्पाला माझ्या १६ तासिका गेल्या. पालकसभेत ‘अभ्यासक्रम मागे पडतो’ हे ऐकावं लागलं. दहावीच्या उपयोजित लेखनात पत्र, बातमी, जाहिरात, कथा विचारतातच, हे मी दाखवलं तेव्हा बरेच पालक शांत झाले. फरक इतकाच की तिथे विषय आयता मिळतो आणि मुलाला त्यातलं काही शोधावं लागत नाही. गुण देणं सर्वांत अवघड. कविता सुंदर पण माहिती पोकळ असेल तर काय करायचं? मी शेवटी निम्मे गुण टिपेला ठेवले. मोबाइलवरून उतरवणं थांबलं नाही. मात्र शेजारच्या काकूंची मुलाखत कुठून उतरवणार?

कवितेची सक्ती मात्र करू नका. मी केली आणि ४८ पैकी बहुतेकांनी यमकं जुळवून दिली.

यंदा जूनमध्ये मी टिपेपासूनच सुरुवात करणार आहे. पहिल्या आठवड्यात एकच काम: घरातल्या कुणालाही एक प्रश्न विचारा, उत्तर त्यांच्याच भाषेत लिहा आणि खाली कुणी, कधी, कुठे सांगितलं ते लिहा.