तीन तुकड्यांचा पोल स्पिअर: दांडा नंतर, आधी रबर बघा

आधीच सांगतो, धरणात मासे मारायला म्हणून हा भाला मागवणार असाल तर पैसे खिशातच ठेवा. मांजरा काय न् नाथसागर काय, पाणी गढूळ. पुढं केलेला स्वतःचा हात दिसायची मारामार. वर धरणातली मासेमारी सोसायट्यांच्या ठेक्यावर चालते आणि नाथसागर तर पक्षी अभयारण्य. मरळीला आपला गळच बरा. पोल स्पिअर हे नितळ पाण्याचं, प्रवाळाच्या कपारीतलं हत्यार आहे.

मी औशाकडचा. बहामात, म्हणजे अटलांटिकमधल्या बेटांच्या देशात, नासाऊच्या एका हॉटेलात किचनला आहे. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तिथल्या माणसानं समुद्रातल्या भाल्याचं बरंवाईट सांगावं, याला हसायचं तर हसून घ्या. पण बुडी मारून विहिरीच्या तळाचा गाळ वर आणायच्या पैजा आम्ही चड्डी सावरता येत नव्हती तेव्हापासून लावल्यात. गावाकडची बेटांवर, जहाजांवर कामाला असलेली दोघं-तिघं विचारायलीत, म्हणून हे सविस्तर.

बहामात ट्रिगरची बंदूक घेऊन पाण्याखाली मासा मारता येत नाही. पाठीला हवेची टाकी लावून भाला चालवायलाही मनाई. उरतात दोन हत्यारं: हवाईयन स्लिंग आणि पोल स्पिअर. स्लिंग म्हणजे गलोलीसारखा प्रकार, त्यातून सळई सुटून जाते, मग तिच्यामागं पोहत बसा. पोल स्पिअर म्हणजे लांब दांडा, पुढं टोक आणि मागं रबराचा फास. फास अंगठ्याच्या बेचक्यात अडकवायचा, हात दांड्यावरून पुढं सरकवत रबर ताणायचं आणि दांडा मुठीत आवळायचा. मूठ सैल केली की भाला सुटतो, पण फास हातातच राहतो. नवशिक्यानं हाच घ्यावा.

माझा ७ फुटी आहे, अॅल्युमिनियमचा, पेचानं जोडायचे तीन तुकडे. शंभर डॉलरच्या आत बसला. सोबत काम करणारा तिथलाच एकजण फायबरग्लासचा सलग दांडा वापरतो. त्याचा जड आहे आणि सुटताना किंचित लवतो; माझा हलका आणि ताठ. कार्बनचे त्याहून हलके नि ताठ असतात, किंमतही तशीच. पण खरं सांगू? मासा दांड्याच्या किमतीवर मरत नाही. कपारीत तोंड घालून बघायचं असेल तर ९ फुटी दांडा नुसता आडवा येतो. उघड्या पाण्यात लांब बरा, प्रवाळात ६-७ फूट पुरे.

माझ्या भाल्याची खरी खोड सांध्यांत आहे. दोन-चार बुड्यांनंतर पेच सैल होतो आणि दांडा खुळखुळतो. तो आवाज माशाला आपल्याआधी कळतो. दर थोड्या वेळानं हातानं आवळून घ्यावा लागतो. दुसरं, अॅल्युमिनियमच्या दांड्यात स्टीलचं टोक बसवलेलं असतं. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना लागले की अॅल्युमिनियम खात जातं आणि पेच जाम होतो. वापरून झालं की सगळे तुकडे सोडवायचे, गोड्या पाण्यानं धुवायचे, आट्यांना ग्रीस लावायचं. एवढं करणार नसाल तर सलग फायबरग्लास घ्या.

आता रबर. याच्यातच सगळा जीव आहे आणि कंपन्या नेमकी इथंच कंजुषी करतात. माझ्या भाल्यासोबत आलेलं रबर इतकं जाड होतं की ताणून धरलं की दंडाला कंप सुटायचा. मासा तुमच्या सवडीनं समोर येत नाही. तो कपारीतून तोंड काढेपर्यंत ताण धरून ठेवता आला पाहिजे. मी अर्ध्या इंचाचं काढून तीन-अष्टमांश इंचाचं लावलं. जोर थोडा कमी झाला, नेम पुष्कळ सुधारला. दुकानात घेणार असाल तर ताणून थोडा वेळ धरून बघा. हात थरथरला तर बारीक मागा. ऊन हा रबराचा वैरी. सुट्टीत मी भाला माळवदाच्या घरात, धान्याच्या कोठीमागं ठेवतो. आमच्याकडच्या मे महिन्यात तो पत्र्याखाली राहिला तर पुढच्या खेपेला रबरावर भेगा ठरलेल्या.

टोकांचे तीन प्रकार. तीन काट्यांचं, ज्याला पॅरलायझर म्हणतात, ते लहान माशाला. तिन्ही काटे एकदम बसतात आणि मासा जागीच गार होतो. एकेरी टोकाला उघडणारा पंख असतो, फ्लॉपर. मांसाच्या पार गेला की तो उघडतो आणि मासा निसटत नाही. स्लिप टिप मोठ्या माशासाठी. ती दांड्यापासून सुटते आणि दोरीवर आडवी होऊन अडकते. सुरुवात पॅरलायझरनं करा. मात्र खडकावर आपटला की काटे वाकतात, माझा एक वाकलेलाच आहे. जादा टोक घेताना आटे जुळतात का ते बघा, मापं वेगवेगळी येतात.

माझी मुख्य शिकार लायनफिश. हा मूळचा हिंदी-प्रशांत महासागरातला. अटलांटिकमध्ये उपरा आहे आणि तिथल्या प्रवाळावरची बारकी मासळी फस्त करतो, म्हणून त्याला मारलेलं लोकांना हवंच असतं. तो पळत नाही, पंख पसरून रुबाबात उभा राहतो. पण त्याला १८ विषारी काटे असतात. हात न लावता थेट जाड प्लास्टिकच्या नळकांड्यात ढकलायचा आणि वर आल्यावर कात्रीनं काटे छाटायचे. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास हात बुडवायचा आणि डॉक्टर गाठायचा. मांस पांढरं, घट्ट. घरून नेलेला काळा मसाला लावून तव्यावर टाकतो, बाकीचं बोलायला नको. मोठा बराकुडा मासा मात्र घेऊ नका. प्रवाळातलं विष मोठ्या शिकारी माशांत साठत जातं, आणि ते शिजवून जात नाही. नासाऊ ग्रूपर हा मासा १ डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर धरायला बंदी असते.

सराव मी गावच्या विहिरीत करतो. पाऊस बरा झालेला असला की दिवाळीनंतर पाणी नितळ असतं. जुनी स्लीपर सुतळीनं दगडाला बांधून सोडायची, ती पाण्यात उभी तरंगते आणि काटे तिच्यात छान रुततात. तात्या काठावरून म्हणाले, "काय करायलास रं? ह्यानं रानडुक्कर पडतंय का?" नाही पडत तात्या. पाण्याबाहेर हा भाला ताणायचाच नाही, आणि पोरं काठावर असताना तर नाहीच.

विहिरीत कळतं ते अंतराचं. मास्कमधून वस्तू तिसऱ्या हिश्शानं मोठी आणि पाव अंतरानं जवळ दिसते. स्लीपर टप्प्यात आली असं वाटतं तेव्हा ती अजून हातभर लांब असते. टोकापासून दोन-तीन फूट, त्यापुढं जोर संपतो. त्यामुळं मासा आपल्याकडं येईल असं निवांत पडून राहणं हीच खरी कला. त्याच्या डोळ्यात बघत सरळ अंगावर गेलात की तो गेला. नेम डोक्याच्या मागं, कल्ल्याच्या वर.

एकट्यानं मात्र उतरू नका, विहिरीत सुद्धा. बुडीआधी भराभर श्वास घेऊन दम वाढवायचा नाद तर मुळीच नको; शुद्ध जाते ती वर येताना, आणि आधी काही सुचत नाही. एक खाली, एक वर.

आपल्याकडं मालवणला प्रवाळ आहे, पण तिथं १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा तो विचार सोडा. माझ्याकडून या भाल्याला पाचपैकी साडेतीन: अर्धा गुण सांध्यांसाठी कापला, एक रबरासाठी. विमानानं नेताना चेक-इन बॅगेतच टाका. सव्वादोन-अडीच फुटांचे तुकडे मोठ्या बॅगेत तिरके बसतात. टोकं काढून जाड कापडात गुंडाळा आणि खरेदीची पावती वरच्या कप्प्यात ठेवा.