हंगर गेम्सचे पाचही सिनेमे, पुस्तकं हाताशी ठेवून बघितले

आधीच निकाल सांगून टाकते. दुसरा सिनेमा सगळ्यात भारी, पहिला चांगला पण पुस्तकाच्या निम्माच, तिसरा आणि चौथा मिळून खरं तर एकच व्हायला हवा होता पण पैशासाठी त्याचे दोन केले, आणि प्रीक्वेल दिसायला एकदम देखणा पण ज्या माणसाची गोष्ट आहे त्याच्या डोक्यात शिरायलाच तयार नाही. एवढ्यावर ज्यांचं भागतं त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल कारण पुढे स्पॉयलर आहेत, भरपूर आहेत, नंतर ओरडू नका.

परत बघायचं निमित्त म्हणजे भाची. नववीत आहे, तिन्ही पुस्तकं तिने एका सुट्टीत फस्त केली आणि मग मागे लागली की मावशी आता सिनेमे लाव. लावला पहिला. अर्ध्या तासात तिचा प्रश्न, "ही कॅटनिस एवढी गप्प का आहे गं?" आणि खरंच की! पुस्तकात ही पोरगी एक मिनिट गप्प बसत नाही. तोंडाने फारसं बोलत नाही, पण मनात सतत हिशोब चालू, कोण खोटं बोलतंय, कुठे पाणी असेल, हा तिच्याच डिस्ट्रिक्टचा पीटा खरंच प्रेमात आहे की आपल्याला मारायची तयारी करतोय. सगळं पुस्तक 'मी'मध्ये आणि तेही चालू वर्तमानकाळात, म्हणजे पुढच्या क्षणी काय होणार हे तिलाही माहीत नाही आणि आपल्यालाही. पडद्यावर हा 'मी' गायब. सोळा वर्षांची एक मुलगी फक्त जंगलात पळताना दिसते.

ज्यांनी काहीच वाचलं-बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पॅनेम नावाचा देश, मध्ये गडगंज कॅपिटॉल, भोवती बारा गरीब डिस्ट्रिक्ट. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून बारा ते अठरा वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून उचलायची, चोवीस जणांना एका रिंगणात सोडायचं, एकच जिवंत बाहेर येणार, आणि हे सगळं टीव्हीवर लाइव्ह, सगळ्यांनी बघायची सक्ती. सुझन कॉलिन्सचं पहिलं पुस्तक २००८ चं. रात्री चॅनल बदलता बदलता एकीकडे रिअ‍ॅलिटी शो आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं बघून कल्पना सुचली असं तिने स्वतः सांगितलंय, आणि वाचताना ते पटतंच.

आता पहिला सिनेमा, २०१२, दिग्दर्शक गॅरी रॉस. पटकथेत कॉलिन्स स्वतःही होती. मनातलं बोलणं दाखवायचं कसं, यावर ह्यांनी व्हॉइसओव्हर लावला नाही, ते बरंच केलं. त्याऐवजी कॅमेरा कॅटनिसला सोडून बाहेर काढला आणि कंट्रोल रूममध्ये नेऊन ठेवला. पुस्तकात ही खोली कधीच दिसत नाही, दिसूच शकत नाही, कारण सांगणारी रिंगणात अडकलीय. सिनेमात मात्र पांढरे कपडे घातलेली माणसं टेबलावर बोटं फिरवून एक भयंकर कुत्रा बनवतात आणि दुसऱ्या क्षणाला तो जंगलात उगवतो. ऑफिसात बसून माणसं मारायचं काम चाललंय आणि कुणाच्या चेहऱ्यावर काही नाही, झालं की एकमेकांचं कौतुक. तो खेळ चालवणारा सेनेका क्रेन आणि प्रेसिडेंट स्नो गुलाबाच्या बागेत बोलतात तो सीनसुद्धा पुस्तकात नाही, डोनाल्ड सदरलंडने असला खाल्लाय ना तो. शिवाय जिथे पुस्तकात कॅटनिस आपल्याला विषारी गांधीलमाश्यांची माहिती देते तिथे सिनेमात शोचा निवेदक सीझर फ्लिकरमन स्टुडिओत बसून प्रेक्षकांना समजावतो, मॅचच्या कॉमेंट्रीसारखं. माहितीही पोचली आणि शोचा किळसवाणेपणाही, एका दगडात दोन पक्षी.

पण जे सुटलं ते मोठं आहे. एक म्हणजे भूक. नावातच हंगर आहे बाबांनो! पुस्तकाची सुरुवातीची पानं सगळी पोटाभोवती फिरतात. बाप खाणीत गेला, आई खचून पडली, अकरा वर्षांची पोरगी पावसात धाकट्या बहिणीचे तान्हेपणीचे कपडे विकायला हिंडतेय आणि कुणी घेत नाही, तेव्हा पीटा मुद्दाम पाव जाळतो, आईचा मार खातो आणि तो पाव तिच्याकडे फेकतो. त्या पावाचं ओझं तिच्या मनावर शेवटपर्यंत आहे. सिनेमात हे दोन-तीन तुकड्यांत येतं, ज्याने पुस्तक वाचलेलं नाही त्याला वाटेल बरं दिला बुवा पाव. आणि ती धान्याची सिस्टीम, की घरात खायला नसेल तर चिठ्ठ्यांच्या भांड्यात आपलं नाव आणखी एकदा टाकायचं आणि बदल्यात थोडं धान्य आणि तेल घ्यायचं, म्हणजे जेवढा गरीब तेवढ्या जास्त चिठ्ठ्या, कॅटनिसचा जवळचा मित्र गेल, त्याच्या नावाच्या बेचाळीस, ही पुस्तकातली सगळ्यात जहरी गोष्ट. रेशन घ्यायचं आणि त्यासाठी पोराचं मरण थोडं थोडं विकायचं. सिनेमात एक वाक्य येतं, गेलं. आपल्याकडे रेशनच्या रांगा बघितलेल्या माणसाला तर हा भाग जास्तच लागला असता.

दुसरं म्हणजे प्रेम. गुहेतला सीन आठवा. पुस्तकात कॅटनिसचं डोकं लख्ख चालू असतं, की मी ह्याचा मुका घेतला तर प्रायोजक खूश होतील, आमचा मार्गदर्शक हेमिच सूप पाठवेल. हेमिच कसलीही चिठ्ठी पाठवत नाही, काय पाठवलं आणि काय नाही पाठवलं यावरून ती त्याचं म्हणणं ओळखते, त्या दोघांचं हे न बोलता चाललेलं बोलणं म्हणजे पुस्तकाची मजा आहे. सिनेमात सरळ पॅराशूटबरोबर चिठ्ठीच येते. सोपं केलं. आणि शेवटी दोघंही वाचतात, परतीच्या गाडीत पीटाला कळतं की बऱ्यापैकी नाटक होतं आणि पुस्तक त्या कडवट जागेवर संपतं, तेही पडद्यावर नाही. मग बाहेर काय झालं, टीम पीटा आणि टीम गेल, दोन देखणे पोरगे आणि एक मुलगी, कुणाशी लग्न करणार. अहो ती कॅमेऱ्यासाठी प्रेम करतेय जिवंत राहायला, हाच तर विषय होता, आणि सिनेमाचे प्रेक्षक कॅपिटॉलच्या प्रेक्षकांसारखेच फसले. (पीटाचा पाय पुस्तकात कापावा लागतो हेही गाळलंय. हिरोचा पाय कसा कापणार.)

मारामारीच्या वेळी कॅमेरा इतका हलतो की डोकं दुखतं, त्याचं कारण आहे. पुस्तक बारा-चौदा वर्षांची पोरं वाचतात, त्यांनाच थिएटरात येता आलं पाहिजे, म्हणजे पोरांनी पोरांना मारायचं पण रक्त दिसता कामा नये. ब्रिटनमध्ये तर लहान मुलांना चालणारं सर्टिफिकेट मिळावं म्हणून सात सेकंद आणखी कापले. सगळ्या किशोर कादंबऱ्यांच्या सिनेमांची हीच गोची आहे, पुस्तकाला सर्टिफिकेट लागत नाही. तरी सुरुवातीची ती कत्तल जवळजवळ आवाज बंद करून दाखवलीय, ती आयडिया मला अजूनही पटते, किंकाळ्या ऐकू आल्या असत्या तर एवढा काटा आला नसता.

जाता जाता, त्याच वर्षी जानेवारीत आपला 'शाळा' आला होता. मिलिंद बोकीलांची कादंबरीसुद्धा 'मी'वालीच, नववीतला मुकुंद, मनातल्या मनात अखंड बडबड. सुजय डहाकेने तिथे नजरेवर आणि गप्प बसण्यावर भर दिला होता आणि तेव्हाही आमच्यात भांडणं झालेली, की सिनेमा गोड आहे पण मुकुंदचा तिरकसपणा कुठे गेला. आणीबाणीतली शाळा असो नाहीतर पॅनेम, चौदा-सोळा वर्षांचं पोर मनात जे बोलतं ते पडद्यावर आणणं सगळ्यांनाच जड जातं.

म्हणूनच दुसरा, 'कॅचिंग फायर', २०१३, मला एवढा आवडतो. दिग्दर्शक बदलला, फ्रान्सिस लॉरेन्स आला, कॅमेरा हलायचा थांबला आणि जेनिफर लॉरेन्सच्या चेहऱ्यावर जाऊन बसला. त्याच वर्षी तिला दुसऱ्या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं होतं, हाताशी असली नटी असताना व्हॉइसओव्हर पाहिजे कशाला. डिस्ट्रिक्ट अकराचा सीन घ्या, पहिल्या रिंगणात मेलेल्या छोट्या मैत्रिणीच्या, रूच्या घरच्यांसमोर ती छापील भाषण सोडून मनातलं बोलते, गर्दीतला एक म्हातारा शिट्टी वाजवतो, तीन बोटं वर करतो, आणि त्याला फरफटत नेऊन सगळ्यांसमोर गोळी घालतात. पुस्तकातही आहे पण पडद्यावर बघताना पोटात गोळाच येतो. मग तिला परत रिंगणात टाकतात, आणि ते सुरू झालं की आयमॅक्सने चित्र मोठं होतं, घड्याळासारखं रिंगण, दर तासाला नवं संकट, एकदम कडक. आणि शेवटचा शॉट! नुसता चेहरा, रडवेला, मग हळूहळू संताप. पुस्तकात ज्याला पानं लागली असती ते एका चेहऱ्यात. भाचीने इथे गप्प असण्याची तक्रार केली नाही, हाच रिव्ह्यू समजा.

या सिनेमाच्या वेळचा एक किस्सा मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. कव्हरगर्लने कॅपिटॉल नावाने मेकअपची रेंज काढली होती, आणि सबवेने सँडविचची जाहिरात केली होती. उपाशी माणसांच्या गोष्टीवर सँडविच! कॅपिटॉलच्या नटव्या एफी ट्रिंकेटला सुद्धा थोडी लाज वाटली असती.

मग 'मॉकिंगजे'. एक पुस्तक, दोन सिनेमे, २०१४ आणि २०१५. हॅरी पॉटरने शेवटचं पुस्तक तोडलं, ट्वायलाइटने तोडलं, म्हणून ह्यांनीही तोडलं. पॉटरचं एक वेळ ठीक, पुस्तकच जाडजूड होतं. इथे पहिल्या भागात बराच वेळ कॅपिटॉलविरुद्ध उठलेले बंडखोर तळघरात बसून आहेत. काही गोष्टी मस्त आहेत, नाही असं नाही. स्टुडिओत कॅटनिसकडून क्रांतीची जाहिरात करून घेतात आणि ती इतकी वाईट अ‍ॅक्टिंग करते की हसू येतं, म्हणजे बंडखोरांनाही शेवटी कॅमेऱ्यासमोर नाचणारी पोरगीच पाहिजे. ते फाशीच्या झाडाचं गाणं, आणि ते गुणगुणत धरण उडवायला निघालेली माणसं, हा धरणाचा सीन पुस्तकात नाही आणि तरी सगळ्या भागातला सगळ्यात चांगला. पण सिनेमा म्हणून तो संपत नाही, थांबतो. दुसरा भाग उलट, पळापळ, गटारातले राक्षस, मग एकामागून एक मरणं. धाकट्या बहिणीचं, प्रिमचं मरण पुस्तकात वाचताना मी पान मागे उलटून परत वाचलं होतं, इथे ते येतं आणि लगेच पुढे सरकतं. यातला नट फिलिप सीमोर हॉफमन शूटिंग पूर्ण व्हायच्या आधीच गेला, त्यामुळे त्याचा शेवटचा सीन हेमिचने वाचलेल्या पत्रावर भागवलाय, ते कळून बघितलं की वेगळंच वाटतं. चौथ्याची कमाई आधीच्या तिन्हींपेक्षा कमी झाली, आणि पुढे दिग्दर्शकाने स्वतःच कबूल केलं की दोन भाग करायला नको होते. डायव्हर्जंटवाल्यांनी तरीही हाच खेळ केला, २०१६ चा भाग आपटला आणि शेवटचा सिनेमा बनलाच नाही, गोष्ट अर्धवट लटकली ती लटकलीच.

एक श्रेय मात्र सिनेमांना द्यावं लागेल. ती तीन बोटं पुस्तकात त्या डिस्ट्रिक्टची निरोप द्यायची जुनी खूण आहे. पडद्यावर दिसली आणि २०१४ च्या लष्करी उठावानंतर थायलंडमध्ये लोक रस्त्यावर ती करायला लागले, पोलीस त्यासाठी पकडायला लागले, २०२१ ला म्यानमारमध्येही तेच. हे नुसत्या छापील पानाने एवढ्या झपाट्याने झालं असतं असं मला वाटत नाही.

प्रीक्वेल, २०२३ चा, 'सॉन्गबर्ड्स अँड स्नेक्स'. तरुण स्नोची गोष्ट, दहाव्या खेळाची, तेव्हा सगळं अजून कच्चं होतं. रिंगण म्हणून पोलंडमधल्या व्रोत्सवाफचा शंभर वर्षं जुना सेंटेनियल हॉल वापरलाय, काय जागा आहे! व्हायोला डेव्हिस धमाल, रेचल झेगलर गाते तेव्हा ऐकत राहावं. अडीच तासांच्या वर आहे पण निदान एकाच सिनेमात संपवलाय. घोळ असा की पुस्तकात आपण स्नोच्या डोक्यात असतो आणि तिथे दर पानाला कळतं की हा प्रेम करत नाहीये, मालकी सांगतोय, प्रत्येक चांगल्या कामामागे स्वतःचा फायदा. सिनेमात ते डोकं काढून घेतलं, उरला टॉम ब्लाइथ, सोनेरी केसांचा, घरची गरिबी लपवणारा, बिचारा. भाची म्हणाली, "शेवटी त्याला काय झालं एकदम?" एकदम नव्हतं झालं गं, पहिल्या पानापासून होतं.

आता हेमिचच्या खेळाचं पुस्तक २०२५ ला आलंय, परत 'मी'वालं, आणि सिनेमा २०२६ च्या नोव्हेंबरात येणार असं जाहीर झालंय. त्या पुस्तकाचा मुद्दाच असा आहे की रिंगणात घडलं एक आणि कापून-जोडून टीव्हीवर दाखवलं भलतंच, म्हणजे एकदाचं असं पुस्तक आलंय ज्याला कॅमेरा नडणार नाही, उलट लागणारच आहे. तो मी थिएटरात बघणार. बाकी घरी बघणार असाल तर पहिला, दुसरा नीट बघा, तिसरा-चौथा एकाच रविवारी लागोपाठ लावा आणि तळघरातल्या बैठका खुशाल पुढे ढकला, प्रीक्वेल पुस्तक वाचून झाल्यावरच. दहा वर्षांखालच्या पोरांना दुसऱ्यातला तो म्हाताऱ्याचा सीन दाखवू नका, रक्त नसलं तरी.