माधव की कूनो: ग्वाल्हेरकरांनी मुक्काम कोठे करावा?

ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांना शिवपुरीचे माधव राष्ट्रीय उद्यान अधिक जवळचे वाटते, कारण शिंदे घराण्याच्या या जुन्या शिकारभूमीत माधवराव शिंद्यांच्या आई सख्याराजेंच्या नावाचा सख्यासागर तलाव व जॉर्ज कॅसल ही जुनी वास्तू आहे, बाहेर शहरात शिंदे घराण्याच्या संगमरवरी समाधी-छत्र्या आहेत, आणि 2023 पासून वाघही पुन्हा वावरू लागले आहेत. सकाळी निघून हे सारे निवांत पाहता येते. वयस्कर मंडळी सोबत असतील तर मी निःसंशय हेच सुचवीन.

कूनो राष्ट्रीय उद्यान अधिक दूर आहे. तेथे 2022 मध्ये नामिबियाहून चित्ते आणले गेले. मात्र ते दिसतीलच असे नाही. तंबूत राहण्याची ओढ असणाऱ्यांनी कूनो निवडावे, परंतु तंबू गाभाक्षेत्राबाहेरच, अधिकृत ठिकाणीच असावा.