कार्यालयीन फोनवरील आउटगोइंग कॉलवर मर्यादा: कंपनीकडून, एक्स्टेन्शनवर की पिनने?

कार्यालयातील कोणत्या फोनवरून बाहेर कोठपर्यंत बोलता यावे, हे ठरवण्याचे तीन मार्ग आहेत. टेलिफोन कंपनीकडून लाइनवरच आयएसडी (परदेशी कॉल) बंद करून घेता येते, ईपीएबीएक्समध्ये (कार्यालयातील फोन आपसांत आणि बाहेरच्या लाइनशी जोडणाऱ्या यंत्रणेत) एक्स्टेन्शननिहाय, म्हणजे प्रत्येक अंतर्गत फोनसाठी वेगळी, मर्यादा घालता येते किंवा कर्मचाऱ्यांना बाहेर फोन लावताना दाबायचा पिन देता येतो.

ज्यांचा परदेशाशी व्यवहारच नाही, त्यांनी पहिला मार्ग निःसंकोच स्वीकारावा. एखाद्या आयपी (इंटरनेटच्या तंत्रावर चालणाऱ्या) फोनचा कमकुवत पासवर्ड शोधून कोणी यंत्रणेत शिरले आणि सुट्टीच्या रात्री महागड्या परदेशी क्रमांकांवर कॉल करू लागले, तर ईपीएबीएक्समधील नियम बदलले जाऊ शकतात. कंपनीकडील बंदी मात्र त्याच्या हाताबाहेर राहते. मात्र ही बंदी त्या लाइनवरील सर्वांना सारखीच लागू होते.

माणसागणिक फरक करायचा असेल, तर एक्स्टेन्शनवरील मर्यादाच उपयोगी पडते आणि माझ्या मते बहुतेक कार्यालयांनी भर तिच्यावरच द्यावा. मात्र जुने नियम तसेच ठेवू नयेत. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी 0 लावावा लागतो, त्यामुळे ‘एसटीडी बंद’ म्हणून 0 ने सुरू होणारे सर्व क्रमांक अडवणारा नियम आता मोबाइलही अडवतो आणि हिशेब विभागाला ग्राहकाशी बोलता येत नाही. क्रमांकाच्या लांबीवरूनही दोन्ही वेगळे काढता येत नाहीत, कारण परगावची लाइन असो वा मोबाइल, 0 नंतर 10 अंकच येतात. भारतातील कॉल अमर्यादित देणाऱ्या प्लॅनमध्ये तो भेद करण्याचे कारणही उरत नाही. म्हणून 0 आणि त्यापुढील 10 अंक खुले ठेवून 00 ने सुरू होणारे परदेशी क्रमांक अडवणे हीच रेषा योग्य ठरते. (बाहेरची लाइन घेण्यासाठी आधी दाबायचा 0 यात धरलेला नाही.) त्याबरोबर कॉल फॉरवर्डिंगही तपासावे, ज्या एक्स्टेन्शनवरून बाहेर फोन लागत नाही, तिच्यावर येणारा कॉल बाहेरच्या क्रमांकाकडे वळवता येत असेल, तर मर्यादेत पळवाट राहते.

पिन स्वागतकक्ष, प्रयोगशाळा अशा सामायिक फोनसाठी चांगला, कारण कॉलच्या नोंदीत कोणी बोलले ते कळते. पण पिन सहकाऱ्यांत लवकर पसरतो, म्हणून कोणी नोकरी सोडताच त्याचा पिन रद्द करणारी जबाबदार व्यक्ती नसेल, तर या मार्गाने जाऊ नये.

मार्ग कोणताही असो, 112, 101 आणि 108 हे क्रमांक प्रत्येक फोनवरून पिनशिवाय आणि लाइनचा 0 न दाबताही लागले पाहिजेत. अमेरिकेत टेक्सासमधील एका हॉटेलात 2013 मध्ये आईवर हल्ला होत असताना नऊ वर्षांच्या मुलीने 911 हा तेथील आपत्कालीन क्रमांक वारंवार फिरवूनही फोन लागला नाही, कारण बाहेरच्या लाइनसाठी आधी 9 दाबावा लागत होता. त्यानंतर 2018 मध्ये तेथे 911 थेट लागावा यासाठी कायदा झाला.