ब्रिटनमधील स्टाफ नर्सच्या नोकरीसाठी मी गमावलेले १,८४,५०० रुपये

सोलापुरात नऊ वर्षे आयसीयूमध्ये काम केलेल्या माझ्यासारख्या नर्सची अशी फसवणूक व्हावी, हे लिहितानाही मला लाज वाटते. तरीही लिहिते आहे, कारण तीच माणसे आज दुसऱ्या सिस्टर्सना संदेश पाठवत आहेत.

मी अजाणतेपणी या वाटेला गेले नव्हते. ओईटी या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच्या इंग्रजी परीक्षेत आवश्यक श्रेणी मिळवली होती, ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलची सीबीटी ही संगणकावरील परीक्षाही उत्तीर्ण झाले होते. व्यावसायिक ओळखींच्या संकेतस्थळावर मी तो निकाल आनंदाने टाकला आणि तिसऱ्याच दिवशी इंग्लंडमधील एका सरकारी रुग्णालयाची भरती अधिकारी म्हणवणाऱ्या बाईंचा संदेश आला. आमच्या दोघींच्या सामायिक ओळखी चाळीसच्या वर होत्या, त्यांत माझ्या कॉलेजच्या दोन सीनियरही होत्या. त्या दोघींनीही केवळ विनंती आली म्हणून ती स्वीकारली होती, हे मला नंतर कळले. सामायिक ओळखी म्हणजे खात्री नव्हे.

मुलाखत वीस मिनिटे चालली. समोरचा कॅमेरा बंद होता, परंतु व्हेंटिलेटरवरील रुग्णाबद्दल आणि सेप्सिसबद्दल विचारलेले प्रश्न अगदी खरे होते, म्हणून माझा विश्वास बसला. नोंदणी व कागदपत्र पडताळणीसाठी १४,५०० आणि व्हिसासाठी लागणाऱ्या प्रायोजकत्व प्रमाणपत्रासाठी ५२,००० रुपये मी भरले. हे प्रमाणपत्र देणे नोकरी देणाऱ्याचे काम आहे. त्यासाठी उमेदवाराकडे पैसे मागणारा माणूस भरती करणारा असूच शकत नाही.

तिसऱ्या वेळी मात्र मी थांबायलाच हवे होते. आरोग्य अधिभार, म्हणजे तिकडची सरकारी आरोग्यसेवा वापरता यावी म्हणून व्हिसासोबत भरायची रक्कम, म्हणून १,१८,००० रुपये मागितले गेले. हेल्थ अँड केअर व्हिसावर जाणाऱ्या नर्सला हा अधिभार माफ असतो, हे मी स्वतः वाचलेले होते आणि तसे विचारलेही. "आधी भरावा लागतो, रुजू झाल्यावर परत मिळतो," असे उत्तर आले. पैसे पाठवताना मोबाईलवर खातेदाराचे नाव दिसले, ते रुग्णालयाचे नव्हते, कोणा एका व्यक्तीच्या बचत खात्याचे होते. मी ते नाव दोनदा वाचले. सलग चौथी नाइट ड्यूटी करून सकाळी घरी आले होते, मुदत दुपारी बारापर्यंतची होती आणि आईच्या पाटल्या गहाण ठेवून पैसे आदल्याच दिवशी हाती आले होते. मी बटण दाबले. तो क्षण आजही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

नऊ दिवसांनी मी रुग्णालयाच्या मूळ संकेतस्थळावरील पत्त्यावर चौकशी केली, तेव्हा मला ईमेलने आलेले नियुक्तिपत्र त्यांनी दिलेच नसल्याचे कळले. ही चौकशी मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेला एनएचएस म्हणतात आणि तिच्या रुग्णालयांचे ईमेल पत्ते 'एनएचएस डॉट नेट' किंवा 'एनएचएस डॉट यूके'ने संपतात. मला आलेल्या पत्त्यात 'एनएचएस' होते, पण शेवट 'डॉट ऑर्ग'ने होत होता.

त्यानंतरचा अनुभव फसवणुकीइतकाच संतापजनक आहे. पोलीस ठाण्यात "पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत ना?" असे चार लोकांसमोर विचारले गेले. तेथून सायबर शाखेकडे पाठवले, आणि सायबर शाखेने खाते परराज्यातील असल्याने तिकडे तक्रार करा असे सांगितले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असली तरी गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मला एका वकील मैत्रिणीने सांगितले. ते कलम कागदावर लिहून नेले तेव्हा तिसऱ्या खेपेला तक्रार घेतली गेली. त्यासाठी मला तीन रजा खर्चाव्या लागल्या. बँकेने "व्यवहार ग्राहकाच्या संमतीने झाला" एवढे एकच वाक्य लिहून पाठवले. आजवर केवळ ६,२०० रुपये गोठवले गेले आहेत. पैसे गेल्याचे लक्षात येताच, पहिल्या तासातच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, पोलीस ठाण्यात जाण्याची वाट पाहू नका.

एजंट भारतातील असेल, तर परदेशी नोकरीसाठीच्या भारत सरकारच्या इमायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी तपासा. नोंदणीकृत एजंटलाही ३०,००० रुपये आणि जीएसटी यांपेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही.

मी त्या बाईंच्या खात्याविरुद्ध संकेतस्थळाकडे तक्रार केली, तेव्हा "नियमभंग आढळला नाही" असे उत्तर आले. गेल्या आठवड्यात तोच फोटो दुसऱ्या नावाने दिसला. खाली सिस्टर्सनी "इंटरेस्टेड" लिहून आपापले मोबाईल क्रमांक दिलेले आहेत. त्यांत तुमचा क्रमांक असेल, तर तो आजच काढून टाका.