बलेनो ऑटोमॅटिक, आठ महिने झाले: गाडी बरी आहे, पण जरा पॉलिसीबद्दल बोलू

गेल्या दसऱ्याला मारुतीची बलेनो घेतली, झेटा मॉडेल, ऑटोमॅटिक, निळी. आज मीटरवर ९,४०० किलोमीटर झालेत. घेताना मी ज्याला त्याला विचारत फिरलो, आता दर दोन दिवसांनी कोणतरी मला विचारतंय की कशी आहे ओ, ॲव्हरेज किती देते, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मोठं होईल, चहा घेऊन बसा.

सुरुवात इन्शुरन्सपासून करतो कारण माझी पहिली गाडी पुरात गेली. आमचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अलीकडं, म्हणजे कोल्हापूरवाल्यांना काय ते कळलं असेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी एवढ्या पटकन चढलं की माणसं आणि कागदपत्रं तेवढी बाहेर काढली, गाडी गल्लीतच. पाणी उतरल्यावर मेहुणा म्हणाला दाजी, सुरू होते काय बघूया, आणि मी नको म्हणायच्या आत किल्ली फिरवली. एक खट्ट आवाज आला आणि संपलं. मी मशीन शॉपमध्ये काम करतो, मला कळायला पाहिजे होतं, पाणी काय हवेसारखं दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. इन्शुरन्स कंपनीनं सीट, वायरिंग, साफसफाई सगळं दिलं, इंजिनचं नाय दिलं. म्हणे पुरानं झालेलं नुकसान वेगळं आणि पुरानंतर चालू केल्यामुळं झालेलं वेगळं. पॉलिसी काढून बघितली तर बरोबरच होतं की, इंजिन प्रोटेक्ट (पाण्यानं इंजिन गेलं तर त्याचे पैसे देणारं जास्तीचं कव्हर) घेतलंच नव्हतं. मेहुणा अजून तो विषय निघाला की उठून पाणी प्यायला जातो.

तर यावेळी गाडी फायनल करायच्या आधी मी पॉलिसीचंच डोकं लावून बसलो. शोरूममध्ये कोटेशन दिलं त्यात इन्शुरन्स ४३,८०० लावलेला. मी म्हटलं बाहेरून घेतो, तर लगेच, सर मग कॅशलेसला (म्हणजे वर्कशॉपचं बिल कंपनीनं परस्पर भरायला) त्रास होईल, डिस्काउंट कमी होईल. तसलं काही नसतंय, पॉलिसी कुठून घ्यायची हे गिऱ्हाईकानं ठरवायचं, शोरूमची सक्ती चालत नाही. बाहेरच्या एजंटनं ३०,००० सांगितले, मी खूश. मग घरी येऊन दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा कळलं की एजंटनं आयडीव्ही (गाडी पूर्ण गेली तर मिळणारी रक्कम) खाली आणलाय आणि इंजिन प्रोटेक्ट गुपचूप काढलंय. म्हणजे परत तेच! दोन्ही सारखं करून मागितल्यावर एजंटचं ३६,५०० वर आलं. ते घेऊन परत शोरूमला गेलो, आणि काय चमत्कार, त्यांचं पण ३७,००० झालं. मी शेवटी शोरूममधूनच घेतली, क्लेमला धावपळ नको म्हणून, पण सात हजार वाचले. आणि हां, हँडलिंग चार्ज म्हणून एक ओळ असते कोटेशनमध्ये, ती काढायला लावा, लाजू नका.

ज्यांची पहिलीच गाडी आहे त्यांच्यासाठी सांगतो. नवीन कारला थर्ड पार्टी (आपल्यामुळं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची पॉलिसी) ३ वर्षांची एकदम भरावीच लागते, आपल्या १,१९७ सीसीला ती १०,६४० बसते आणि त्यात कुणी घासाघीस करू शकत नाही, रेट सरकारी आहे. घासाघीस होते ती ओन डॅमेजमध्ये (आपल्याच गाडीच्या नुकसानीचं कव्हर), आणि ते फक्त एक वर्षाचं असतं. त्यामुळं तीन वर्षांचा इन्शुरन्स झालाय म्हणून बिनघोर बसू नका, पुढच्या वर्षी ओन डॅमेज परत काढायचंय. झिरो डेप (पार्टची घसारा न कापता पैसे देणारं कव्हर) घ्याच. नाहीतर बंपरसारख्या प्लॅस्टिकच्या पार्टचे निम्मेच पैसे मिळतात, आणि आजकाल गाडीला पुढून बघितलं तर अर्धी प्लॅस्टिकच आहे.

त्याचा अनुभव पण लगेच आला. जानेवारीत अमावस्येला आदमापूरला बाळूमामाला जाऊन येत होतो, रात्री साडेदहा वाजले असतील, मुदाळ तिट्ट्याच्या अलीकडं. सीझन चालू, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूनं हातभर बाहेर लोंबतोय. समोरून एकानं अप्पर लाईट मारला, मी डावीकडं घेतली आणि पुढं ट्रॉली उभीच! ब्रेक लागला पण थोडक्यासाठी धडकलीच, डावा हेडलाईट, बंपर, फेंडर गेले. आबा मागं बसले होते, ते एवढंच म्हणाले, मामानं वाचवलं. ते खरंच आहे म्हणा, ऊस काचेपासून वीतभर लांब होता. फोटो काढले, तिथूनच क्लेम कळवला, नुकसान तपासणारा सर्व्हेअर आल्याशिवाय गाडीला हात लावू दिला नाही. बिल २७,४०० झालं, माझ्या खिशातून गेले १,६४०. त्यातले १,००० तर १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सगळ्यांनाच भरावे लागतात. वर्कशॉपवाला म्हणत होता मागच्या दाराचा डेंट पण यातच घालूया, मी नको म्हटलं. सर्व्हेअर काय येडा नसतो, पुढून ठोकलेली गाडी मागच्या दाराला कशी लागेल? तो डेंट महाद्वार रोडला कुठल्यातरी स्कूटरवाल्यानं दिलाय, तसाच ठेवलाय. दीड-दोन हजाराच्या कामासाठी क्लेम केला तर पहिल्या वर्षीचा २० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल पुढच्या ओन डॅमेजमधली सूट) जातो, हिशोब तोट्याचा. माझा तर गेलाच म्हणा यंदा.

टायरचं मात्र फसलो. झेटाला १६ इंची टायर येतात, १९५/५५, दिसायला झकास, पण बाजू आखूड. पुणे हायवेला सातारा-कागल सहापदरीचं काम चालू आहे ते माहितीच आहे, किणीच्या पुढं एका डायव्हर्जनला खड्ड्याची कड लागली आणि साईडवॉल कापला. त्याला पंक्चर चालत नाही, टायरच नवीन. आणि नुसताच टायर गेला, गाडीला बाकी काही लागलं नाही, तर साध्या पॉलिसीत एक रुपया मिळत नाही. टायर प्रोटेक्ट मी दोन हजार वाचवायला घेतलं नव्हतं. असो.

आता गाडीबद्दल. इंजिन गोड आहे, चार सिलिंडर, सिग्नलला उभी असली की चालू आहे का बंद ते कळत नाही. ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी, साधाच गिअरबॉक्स, क्लच आपल्याऐवजी मशीन दाबतं. त्यामुळं पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मान थोडी डुलते. ज्यांना ते खटकतंय त्यांनी मॅन्युअल घ्यावी. मी सवय केली, गिअर पडायच्या वेळी पाय किंचित उचलायचा, मग समजत पण नाही. आमची मंडळी आधी स्कूटरच चालवायची, आता राजारामपुरीतनं कावळा नाक्यापर्यंत गाडी घेऊन जाते, एएमटीचे पैसे तिथंच वसूल झाले. घाटात मात्र ऑटोवर सोडू नका. जोतिबाला आणि पन्हाळ्याला चढताना मॅन्युअल मोडला टाकून दुसऱ्यात ठेवायची, नाहीतर ती स्वतःच दुसरा का तिसरा असा विचार करत बसते. चढावर ट्रॅफिकमध्ये ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, क्लच जळल्याचा वास येतो, ब्रेक मारा आणि उभे राहा, हिल होल्ड आहे, ब्रेक सोडला तरी क्षणभर गाडी मागं जात नाही.

ॲव्हरेज: कागदावर २२.९४ आहे. मला गावात १४-१५, पुण्याला ९० च्या आत गेलं तर १९-२०. हे टाकी फुल टू फुल मोजून, स्क्रीनवर दीडएक जास्तच दाखवते. त्यात आता सगळीकडं ई-२० पेट्रोल (२० टक्के इथेनॉलचं), इथेनॉलमध्ये ताकद कमी, त्याचा थोडा फरक पडतोच. आपलाच ऊस टाकीत जातोय म्हणून तक्रार तरी कुणाकडं करायची!

मागं पाय ठेवायला जागा भरपूर, पण गाडी बसकी, आबांना गुडघ्यामुळं उतरताना हात द्यावा लागतो. ११० च्या पुढं शेजारून मोठा कंटेनर गेला की हलकेपणा जाणवतो, जास्त पळवणाऱ्यांनी आधी लांबची टेस्ट ड्राईव्ह घ्यावी. भारत एनसीएपीत (गाडी ठोकून सुरक्षा तपासायची सरकारी टेस्ट) ४ स्टार मिळालेत, एअरबॅग ६ आहेत, माझ्या चालवण्याला पुरेसं वाटलं. डिकी ३१८ लिटर, खोल आहे, पण कड उंच, जड सामान उचलून आत सोडावं लागतं. मळ्यातल्या जेवणाचा तांबड्या रश्श्याचा डबा असाच सोडताना कलंडला. कार्पेट तीन वेळा धुतलं, लिंबू मारलं, सोडा मारला. उन्हात गाडी उभी राहिली की अजून मटण शिजल्यासारखं वाटतं, पोरं खूश असतात.

दसऱ्याला घेतल्यामुळं जीएसटी १८ टक्क्यांवर आल्याचा फायदा मिळाला, आधी सेस धरून २९ होता. नवरात्राच्या आधी बुक केलेल्यांनी पण थांबून डिलिव्हरी घेतली, त्यामुळं शोरूममध्ये लग्नासारखी गर्दी आणि माझी पूजा तीन मिनिटांत उरकली. लिंबू चाकाखाली ठेवायला विसरलेच, ते मी अंबाबाईला गेल्यावर पार्किंगमध्ये ठेवलं.

सध्या माझं लक्ष गाडीपेक्षा आभाळाकडं जास्त आहे. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेचं पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, पण मी ३९ ची वाट बघणार नाही, ३५ झाले की गाडी सासऱ्यांच्याकडं आर. के. नगरला नेऊन लावायची ठरलंय. जागा त्यांनी आत्ताच मोकळी करून ठेवलीय. मेहुणा पण तिथंच राहतो, त्यामुळं दुसरी किल्ली मी माझ्याच खिशात ठेवणार.