प्युरी नको म्हणणारं बाळ: वाटलेलं, कुस्करलेलं की हातात तुकडा?

सहा महिने झाले, उष्टावण झाली, आणि बाळ चमचा दिसला की तोंड घट्ट मिटतं. गाजराची प्युरी, सफरचंदाची प्युरी, नाचणीची पेज, सगळं लाळेऱ्यावर. अशा घरात सल्ले तीन बाजूंनी येतात. एक म्हणतो, अजून पातळ कर, सवय होईल. आई म्हणते, चमचा कशाला, हाताने कुस्करून घास दे. मोबाइल म्हणतो, भरवणंच सोडा, उकडलेल्या फोडी पुढ्यात ठेवा, बाळ आपलं आपण खाईल.

हे तिन्ही शेजारी ठेवून बघू. माझा कल आधीच सांगून टाकते: प्युरी नाकारणाऱ्या बहुतेक बाळांसाठी आईचा सल्ला पाया धरावा आणि मोबाइलचा त्याला जोडावा. नुसत्या फोडी किंवा नुसती पेज, दोन्ही मला अपुरं वाटतं.

नकार नेमका कशाला?

आपण सरसकट ‘खात नाही’ म्हणतो, पण नकार चार वेगळ्या गोष्टींना असू शकतो. एक, चमच्याला. तोच वरण-भात आईच्या बोटावरून आवडीने चाटला जातो. दोन, गुळगुळीतपणाला. काही बाळांना तोंडात काहीतरी चावायला, हिरडीखाली दाबायला हवं असतं. तीन, भरवणाऱ्याच्या हाताला. हे बाळ चमचा ओढून घेतं आणि स्वतः तोंडात कोंबतं, मग मात्र त्याची काही तक्रार नसते. आणि चार, भूकच नसते, कारण अर्ध्या तासापूर्वी पोटभर दूध झालेलं असतं. चौथ्याला पद्धत बदलून उपयोग नाही, वेळ बदलावी लागते.

ओळखायचं कसं? बाळ झोपून उठलंय, दूध पिऊन तास-दीड तास झालाय, अशा वेळी लाल भोपळा म्हणजे आपलं गंगाफळ उकडा. थोडं वाटून चमच्यात घ्या, थोडं बोटावर कुस्करा, आणि तुमच्या करंगळीएवढी एक फोड ताटलीत ठेवा. हात कशाकडे जातो ते बघा. एका दिवसात निकाल लावू नका. नवी चव पटायला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावी लागते.

फोडी देण्याआधी तीन गोष्टी जमल्या पाहिजेत: मान स्थिर, थोड्या आधाराने ताठ बसणं, आणि वस्तू उचलून नेमकी तोंडात नेणं. दात नसले तरी चालतं, मऊ पदार्थ हिरड्यांनी चुरता येतो. दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेल्या बाळासाठी हे वेळापत्रक आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

वाटलेलं

प्युरीचा फायदा पहिल्या काही दिवसांपुरता. गिळण्याचा सराव होतो, आणि आजारपणात घसा दुखत असताना तीच कामी येते. अडचण येते ती तिथेच थांबल्यावर. इंग्लंडमधल्या एव्हन भागात हजारो मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. त्यात ज्यांना गाठी-कण असलेलं अन्न नऊ-दहा महिन्यांनंतर मिळालं, त्यांच्या खाण्याच्या कटकटी पुढे जास्त दिसल्या. सात वर्षांच्या वयातही ती मुलं फळं-भाज्या कमी प्रकारच्या खात होती. म्हणजे सात महिन्यांचं बाळ प्युरी थुंकत असेल तर कदाचित तेच तुम्हाला पुढच्या पायरीवर ढकलतंय.

आपल्याकडे प्युरीची जुनी बहीण म्हणजे वरणाचं पाणी. ते पोट भरतं, पण डाळ भांड्याच्या तळाशीच राहते. पातळ पेजेचंही तेच. सहा महिन्यांच्या बाळाचं पोट इवलंसं, त्यात पाणी भरलं तर ताकदीला जागा कुठे?

कुस्करलेलं

मऊ खिचडी किंवा वरणात भिजवलेली भाकरी, वर साजूक तूप, आणि पाचही बोटांनी कुस्करून केलेला लहानसा घास. हे आपल्याकडे शिकवावं लागत नाही. यात सगळ्यात मोठी सोय म्हणजे बोटांना जाडी कळते. आज थोडं सरसरीत, पुढच्या आठवड्यात थोडं कणीदार, असं मिक्सरला जमत नाही. डाळ, तूप, अंड्याचा बलक, बारीक केलेलं चिकन, सगळं एका घासात जातं, त्यामुळे लोह आणि ताकद दोन्हींची खात्री राहते.

खोट कुठे आहे? भरवणाऱ्याच्या उत्साहात. तोंड उघडं दिसलं की घास, गाणं लावून घास, मोबाइल दाखवून घास. बाळ मान फिरवतंय म्हणजे जेवण संपलं, हे मानायला आपण तयार नसतो. ज्या बाळाचा नकार ‘मला स्वतः करायचंय’ असा आहे, त्याच्याशी ही पद्धत एकटी जमत नाही. नखं कापून, साबणाने हात धुऊन भरवायचं हे वेगळं सांगायला नको, पण शेतातून आलेल्या हाताबाबत सांगावंसं वाटतं: फवारणीच्या दिवसांत नुसतं पाण्याने धुणं पुरत नाही.

हातात तुकडा

बाळाने सुरुवातीपासून स्वतःच्या हाताने खायचं, ही पद्धत ब्रिटनमधल्या गिल रॅपली यांनी लोकप्रिय केली. तिचे गुण खरे आहेत. बाळ स्वतःच्या गतीने खातं, पोट भरलं की थांबतं, हात-तोंडाचा मेळ बसतो, आणि घरच्यांबरोबर जेवतं. प्युरी नाकारणाऱ्या बाळाला तर हा बदल लगेच मानवतो.

पण पहिला महिनाभर बरंचसं अन्न सतरंजीवर जातं, आणि पोटात काय गेलं याचा अंदाज येत नाही. त्यात फोडी म्हटलं की आपण केळं, पपई, गाजर इथेच थांबतो. सहा महिन्यांनंतर बाळाचा जन्मापासूनचा लोहाचा साठा कमी होत जातो, आणि १०० ग्रॅम केळ्यात लोह अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नसतं. न्यूझीलंडमध्ये सुमारे २०० कुटुंबांवर याच पद्धतीचा अभ्यास झाला. तिथे पालकांना आधी बजावून सांगितलं होतं की प्रत्येक जेवणात एक लोहाचा आणि एक ताकदीचा पदार्थ हवाच. तसं केल्यावर लोहाच्या बाबतीत ती मुलं चमच्याने खाणाऱ्यांच्या मागे पडली नाहीत. हे बजावणं वगळून नुसती पद्धत उचलली तर मात्र निकाल तोच येईल असं धरू नये.

घशात अडकलं तर?

सासूबाईंचा पहिला आक्षेप हाच असतो, आणि तो रास्त आहे. त्याच न्यूझीलंडच्या अभ्यासातली २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली नोंद सांगते की घास अडकण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं. फोडी खाणाऱ्यांना सहाव्या महिन्यात उबळ जास्त आली, आठव्या महिन्यात कमी. पण धोक्याचे पदार्थ दोन्ही गटांतल्या बऱ्याच बाळांच्या हाती पडलेले आढळले, चमच्याने भरवणाऱ्या घरांतही. म्हणजे काळजी पद्धतीइतकीच ताटलीची घ्यायची.

उबळ आणि अडकणं यांतला फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा. उबळ येते तेव्हा आवाज येतो, चेहरा लाल होतो, डोळ्यांत पाणी येतं, आणि बाळ घास पुढे ढकलतं. तेव्हा हात लावू नका, बोट घालून काढायला गेलात तर घास उलट आत जातो. खरंच अडकलं की बाळ गप्प होतं. ना रडणं, ना खोकला, ओठ निळसर. तेव्हा बाळाला हाताच्या आधारे पालथं, डोकं खाली करून, दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याने पाच थापा. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाब. हेच आलटून पालटून, आणि दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन करायचा.

आपल्या घरात धोक्याच्या वस्तू ओळखीच्याच असतात: शेव, पापड, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, केळीचे वेफर्स, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, ज्वारीच्या लाह्या, बोरं, कच्चं गाजर, सफरचंदाची कडक फोड, अख्खं द्राक्ष. लग्नाच्या पंगतीत ‘चाटू दे गं’ म्हणत पापडाचा तुकडा हाती देणारी एखादी मावशी असतेच. मान राखून तो काढून घ्या. बाळ ताठ बसलेलं असावं, झोळीत नाही, कडेवर फिरताना नाही, मोटारसायकलवर तर नाहीच.

आपल्या ताटातलं काय द्यावं

फोड अंगठा आणि बोटात दाबली की चुरली पाहिजे. सहा ते आठ महिन्यांत बाळ मूठ करून धरतं, म्हणून लांब फोड, मुठीबाहेर टोक येईल अशी. नऊच्या आसपास चिमटीत धरता येऊ लागलं की मऊ बारीक तुकडे.

केळ्याला जळगाव जिल्ह्यात तोटा नाही, पण ते निसटतं. धुतलेलं केळं घ्या, खालची अर्धी साल दांड्यासारखी ठेवा, किंवा फोड शेंगदाण्याच्या अगदी बारीक कुटात घोळवा. अख्खा शेंगदाणा पाच वर्षांपर्यंत नको. मात्र कूट लवकर सुरू केल्याने शेंगदाण्याची ॲलर्जी टळायला मदत होते, हे २०१५ च्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासाने दाखवलं. अंगावर तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर कूट देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

फुनके मला यात सगळ्यात उजवे वाटतात. तूर किंवा मुगाची डाळ भिजवून बारीक वाटायची, मिरची-मीठ न घालता, कांद्याची पात किंवा मेथी चिरून घालायची आणि वाफवायची. धरता येतात, डाळ पोटात जाते, आणि मोठ्यांसाठी त्याच डाळीत पुढे तिखट घालता येतं. फक्त ते कोरडे होतात, म्हणून बाळाला देताना पातळ वरणात बुडवून, तूप लावून. सोबत लिंबाचे दोन थेंब किंवा टोमॅटो असला तर डाळीतलं लोह चांगलं शोषलं जातं.

भाकरीचा पापुद्रा देऊ नका, तो टाळूला चिकटतो. आतला मऊ भाग वरणात मुरवून, कुस्करून. कळण्याच्या भाकरीत उडीद असल्याने प्रथिनांची बाजू बरी, पण पिठात मीठ दळलेलं असतं, तेव्हा बाळापुरतं वेगळं पीठ ठेवावं. थंडीत बाजरी घ्या, ज्वारीपेक्षा तिच्यात लोह जास्त. भरताचं वांगं भाजून, मिरचीचा ठेचा पडण्याआधी चमचाभर बाजूला काढून भाकरीत मळलं की झालं. बट्टी, म्हणजे गव्हाच्या पिठाचा कडक गोळा, हातात नको, तिचा आतला भाग वरणात चुरून चालेल. अंड्याच्या पोळीच्या मऊ पट्ट्या, उकडलेलं गिलकं म्हणजे घोसाळं, पिकलेली पपई, हे सोपे. मध वर्षापर्यंत अजिबात नाही. साखर-गूळ आणि वरून मीठ टाळलेलं बरं.

एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर गेला की बाळाची भूक आपोआप उतरते. त्या दिवसांत पद्धत बदलण्याचा हट्ट नको. दूध जास्त वेळा, जेवण सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर, आणि ताटलीतलं उरलेलं परत देऊ नका. सकाळची फोड दुपारपर्यंत आंबते, आणि लाइट गेली तर फ्रिजचाही भरवसा नाही.

मग कुठली निवडावी?

माझ्या लेखी खरा प्रश्न हा आहे की दुपारी बाळापुढे कोण बसणार. फोडी देणाऱ्याने पूर्ण वेळ समोर बसून बघायचं असतं, हातात दुसरं काम न घेता. कपाशी वेचणीच्या दिवसांत आई शेतात, बाळ आजीपाशी, आजीला नीट दिसत नाही किंवा चुलीपाशी उठबस आहे, तर दुपारी कुस्करलेला घासच द्यावा, आणि फोडी संध्याकाळी आई आल्यावर. आजीवर नवी पद्धत लादून तिला धास्तीत ठेवण्यात अर्थ नाही.

चमचा ओढून घेणारं बाळ असेल आणि कुणीतरी निवांत समोर असेल, तर आधी फुनक्याचा किंवा गंगाफळाचा तुकडा, मग त्याच्याच हातात घट्ट खिचडी भरलेला चमचा. तो चमचा तोंडात जातो, कारण तो त्याचा असतो. बोटावरून खाणाऱ्या बाळाला चमच्याची सक्ती कशाला? घास कणीदार करत न्या आणि बाजूला एक फोड असू द्या, खेळला तरी चालेल. फक्त दूधच हवं असेल तर आधी दुधाच्या वेळा मागे-पुढे करून बघा. सहा ते आठ महिन्यांत दिवसाला दोन-तीन जेवणं, नवव्यापासून तीन-चार, एवढं जमलं की पुरे. दूध चालूच राहणार आहे.

अंगणवाडीत महिन्याला वजन होतं, ते कार्डावर लिहून घ्या. वजन दोन महिने जागच्या जागी, दूध पितानाही ठसका लागतोय, प्रत्येक घासाला उलटी होतेय, किंवा नववा महिना संपत आला तरी चमचा, बोट, फोड काहीच तोंडात जात नाही, अशा वेळी यातली कुठलीही पद्धत निवडत बसू नका, बालरोगतज्ज्ञांकडे जा. जाताना बाळ खातानाचा मिनिटभराचा व्हिडिओ मोबाइलमध्ये घेऊन जा, दवाखान्यात गेल्यावर ते हमखास तोंड उघडत नाही.